ऐतवारचं मीठ

आमच्या घरात रविवारी स्वयंपाक अळणी होतो. लग्न होऊन आले तेव्हा मी २१ वर्षांची होते. माहेरही जैनच, पण शेतकऱ्याचं घर. रोज दहा-बारा गडीमाणसं पंक्तीला असायची, त्यामुळे चातुर्मास सोडला तर रसत्यागाचं फारसं कुणी मनावर घेत नसे. सासरी आल्यावर पहिल्याच रविवारी आमटीचा घास तोंडात घेतला आणि पोटात धस्स झालं. मीठ घालायला विसरले की काय? समोर बघितलं तर सगळे मुकाट्यानं जेवत होते. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई (आमच्या चिकोडी भागात सासूला आत्तीच म्हणतात), एवढंच म्हणाल्या, "आज ऐतवार हाय गं. ऐतवारी मीठ न्हाई."

दूध, दही, तूप, तेल, साखर-गूळ आणि मीठ हे आपले सहा रस. वाराप्रमाणे एकेक रस सोडायचा. कुठल्या वारी कोणता, हे घराघरात थोडं वेगळं असेल, पण रविवारचं मीठ आमच्या भागात बहुतेक घरी तेच. सुरुवातीला मला ते जड गेलं. मग सवय झाली, आणि पुढं पुढं तर आवडायला लागलं. अळणी भाकरी नीट चावून खाल्ली की ज्वारीची स्वतःची एक गोडी असते, ती मिठाखाली झाकलेली असते. लग्नानंतर काही वर्षांनी गावात महाराजांचा चातुर्मास होता, तेव्हा मी श्रीफळ ठेवून दोन नियम घेतले. रविवारी मीठ घेणार नाही, आणि सूर्यास्तानंतर अन्नच काय, पाणीही घेणार नाही. पुढं २० वर्षं ते पाळले. त्याचा थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू?

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझं मोठं आतडं. ते आता माझ्याजवळ नाही.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, दिवसातून दहा-पंधरा वेळा धावत जावं लागतं. लग्नकार्याला गेलं की आधी संडास कुठं आहे ते बघून ठेवायचं. ११ वर्षं औषधं चालली. कधी बरं, कधी वाईट. शेवटी औषधांनीही ऐकेना, तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मोठं आतडं पूर्ण काढलं आणि लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर आणलं. त्याला स्टोमा म्हणतात. लाल, ओलसर, डाळिंबाच्या कळीएवढा. त्यावर पिशवी चिकटवायची. शौच त्या पिशवीत येतं, आपल्या हातात काही नसतं, ते आपल्या वेळेनं येतं.

पहिले काही दिवस मी त्याच्याकडे बघायलाही तयार नव्हते. पण बायकांना मी हे सांगायलाच हवं की पिशवीची सवय होते. दोन महिन्यांत मी ती डोळे मिटून बदलायला शिकले. रक्त थांबलं, ११ वर्षांत पहिल्यांदा मी रात्रभर झोपले. बिन पिशवीच्या त्या दिवसांपेक्षा हे दिवस शंभर पटीनं बरे. अडचण आली ती दुसरीकडूनच.

दवाखान्यातून घरी सोडताना पिशवी कशी लावायची ते छान शिकवलं. आहाराचा एक छापील कागद दिला. त्यावर लिहिलं होतं की चोथ्याचं खाऊ नका, नीट चावून खा, भरपूर पाणी प्या. मिठाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आणि मला रविवारचा नियम आहे हे विचारायचं त्यांना सुचलं नाही, सांगायचं मला सुचलं नाही.

मी पाणी प्यायला लागले. सकाळपासून तांब्यामागून तांब्या. प्यायले की पिशवी भरायची, पिशवी भरली की पुन्हा घशाला कोरड. जाऊबाई म्हणायच्या, "अजून पी, उन्हाळा आहे." पायाच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. मला वाटायचं, ऑपरेशन मोठं झालंय, अशक्तपणा असणारच.

आषाढात चातुर्मास लागला, तसे मी दवाखान्यात मोडलेले दोन्ही नियम पुन्हा धरले. उपवास तर आता होणार नव्हते, एकाशन होणार नव्हतं. निदान रविवारचं मीठ आणि सूर्यास्ताचं पाणी एवढं तरी आपलं राहू दे, असं वाटलं. आजारी माणसाला आपलं काहीतरी शाबूत आहे असं वाटायला हवं असतं. भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. त्यातल्या रविवारी दिवसभर अळणी पेज घेतली, उकाडा होता म्हणून पाणी भरपूर प्यायले, सूर्यास्ताला तोंड बंद केलं. रात्री चार वेळा पिशवी रिकामी केली, नुसतं पाणी. पहाटे बाथरूमच्या दारात पडले ते ह्यांनी उचललं तेव्हाच कळलं.

बेळगावात दवाखान्यात नेलं. रक्तातलं सोडियम खूप खाली गेलं होतं, मूत्रपिंडावरही ताण आला होता. सलाईनवर सलाईन. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण आली. आमच्या नर्सबाई कन्नड, डॉक्टरीण मराठी, मी दोन्ही. डॉक्टरीण विचारत होती, काय खाल्लं, किती प्यायलात. मी सांगितलं. मग तिनं विचारलं, "आणि मीठ?"

"काल रविवार होता. रविवारी आम्ही मीठ खात नाही."

नर्सबाईंनी हातातलं काम थांबवलं. "उप्पिल्ला?" मीठच नाही? त्यांच्या कन्नडात मिठाहून मोठी चव नाही आणि आईहून जवळचं माणूस नाही अशी म्हण आहे. त्यांना ते झेपेचना.

डॉक्टरीण हसली नाही की रागावली नाही. ती स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाला अंधारी कुठल्या वारी यायची, आठवतंय?" मी आठवायला लागले आणि माझं मलाच उमगलं. सोमवारी. आषाढापासून दर सोमवारी मी अंथरुणात असायची. कपडे धुवायची बाई सोमवारी यायची आणि म्हणायची, "आज बी आडव्याच?" कळायला मला पडावं लागलं.

मग तिनं मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. मोठ्या आतड्याचं मुख्य काम अन्न पचवणं हे नाहीच. ते लहान आतडं करतं. लहान आतड्यातून रोज साधारण दीड लिटर पातळ पुढं मोठ्या आतड्यात येतं, आणि मोठं आतडं त्यातलं जवळजवळ सगळं पाणी आणि मीठ शोषून परत रक्तात घालतं. घरातली काटकसरी बाई जशी धुण्याचं शेवटचं पाणीसुद्धा झाडांना घालते, तसं. ती बाईच घरातून गेली तर पाणी नि मीठ दोन्ही वाहून जाणार. काही महिन्यांनी लहान आतडं थोडं शिकतं, पिशवीत दिवसाला अर्धा ते पाऊण लिटरच्या आसपास येतं, पेजेसारखं दाट. पण मीठ जायचं ते जातंच. आणि आपण वरून नुसतं साधं पाणी ओतत राहिलो, तर आतड्यातलं मीठ त्या पाण्यात उतरतं आणि त्याच्याबरोबर बाहेर पडतं. म्हणजे जितकं प्यावं तितकी तहान. मी चार महिने तेच करत होते.

लहान आतड्याला पाणी आत घ्यायचं असेल तर त्याला मीठ आणि साखर दोन्ही बरोबर लागतात. दोघं हातात हात घालून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. डॉक्टरणीनं मला डॉ. दिलीप महालनबीस यांची गोष्ट सांगितली. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावला कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. तेव्हा डॉक्टरांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पेल्या पेल्यानं पाजत राहा. शंभरातली तीसेक माणसं जात होती, ती चाराच्या आत आली. आज औषधाच्या दुकानात मिळणारं ओआरएसचं पुडकं त्याच जातीचं. एक लिटर पाण्याच्या पुडक्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, वर थोडं पोटॅशियम आणि सायट्रेट. चिमूट-चिमूट, पण मापातलं. म्हणून खोक्यात मिळणारी गोड फळांची पेयं त्याच्या जागी चालत नाहीत. त्यात साखर जास्त असते, ती उलट पाणी आतड्यात ओढते.

घरी आले. आत्ती बोलल्या नाहीत. चार दिवस त्या माझ्याशी नेहमीसारखंच वागल्या, पेज करून दिली, पाय चेपले, पण त्या विषयावर बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी रविवार होता. मी ह्यांना म्हटलं, "माझ्या पेजेत मीठ घालायला सांगा." सांगायला मी स्वतः गेले नाही. ह्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. आत्तींनी पेज दिली, मीठ दिलं नाही. विसरल्या नव्हत्या. ह्यांनीच उठून डबा काढला. आत्ती देवघरात जाऊन बसल्या. मी त्या दिवशी मिठाची पेज प्यायले आणि रडले. चोरून काही खाल्ल्यासारखं वाटत होतं.

त्या वर्षी जवळच्या गावात आर्यिका माताजींचा चातुर्मास होता. मी जरा सावरल्यावर गेले. 'वंदामि' म्हणून लांबच बसले. पोटावर पिशवी होती, जवळ जायचं धाडस होईना. माताजींनी बोलावलं, "इतकी लांब का गं?" मी सगळं सांगितलं. नियम मोडला, प्रायश्चित्त द्या, असं म्हटलं.

त्यांनी विचारलं, "षोडशकारण भावना पाठ आहेत का तुला?"

"आहेत, माताजी."

"मग त्यात त्यागाचं नाव काय आहे?"

मी म्हटलं, "शक्तितस्त्याग."

"आणि तपाचं?"

"शक्तितस्तप."

"लहानपणापासून म्हणतेस. दोन्हींत पहिला शब्द कोणता, ते कधी ऐकलंस का?"

मी गप्प झाले. भाद्रपदात दरवर्षी मी ते म्हणते. शक्तीप्रमाणे त्याग, शक्तीप्रमाणे तप. त्याग आणि तप मला ऐकू येत होते. शक्ती हा शब्द मी पायरीसारखा ओलांडून जात होते.

माताजी म्हणाल्या, नियम बदलून घे, मोडू नकोस. मग त्यांनी आणि मी मिळून कोणता रस सोडता येईल ते बघायला लागलो, आणि त्या गंभीर प्रसंगातही आम्हाला हसू आलं. मीठ सोडता येत नाही. साखर सोडता येत नाही, मिठाला तिची सोबत लागते. दही सोडता येत नाही, त्यानं दाटपणा येतो. तूप-तेल सोडता येत नाही, माझं वजन तेव्हा ३९ किलो होतं. दूध मला सोसतच नाही, ते आधीच सुटलेलं. जे सुटलेलंच आहे त्याचा त्याग कसला? शेवटी माताजी म्हणाल्या, "रविवारी दिवसभरात पाचच पदार्थ घे. सहावा नको." मी विचारलं, "मीठ धरून?" त्या म्हणाल्या, "मीठ धरून. पहिलं मीठ मोज." सूर्यास्ताचा नियम ठेवायचा, पण त्यात पाणी आणि औषध यांची सूट. प्रायश्चित्त म्हणून जप दिला. तो मी केला.

आता माझा दिवस कसा जातो ते लिहिते, कारण गेल्या काही वर्षांत तीन-चार घरांतून बायकांचे फोन आले आहेत. कुणाच्या मुलाचं, कुणाच्या वडिलांचं असंच ऑपरेशन झालेलं असतं आणि पहिला प्रश्न एकच असतो, "तुम्ही खाता तरी काय?"

सकाळी सूर्योदयानंतर एक लिटर ओआरएस कालवून ठेवते. गाळलेलं, उकळून गार केलेलं पाणी. आपल्याकडे उकळलेल्या पाण्याची मर्यादा २४ तासांची, आणि कालवलेलं ओआरएसही २४ तासांनंतर टाकून द्यायचं असतं. त्यामुळे तांब्यावर दोन हिशेब ठेवावे लागत नाहीत. ते दिवसभर घोट घोट घ्यायचं, साधं पाणी त्याहून बेतानं. दिवसात सहा वेळा थोडं थोडं खाते. पहिल्यांदा वाटलं, सहा वेळा खाणारी बाई कसली जैन? मग लक्षात आलं, प्रत्येक वेळी भुकेपेक्षा दोन घास कमीच असतात. अवमौदर्य सहा वेळा घडतं.

नाचणीची आंबील, ताक आणि मीठ घालून. मऊ भात. मुगाच्या डाळीचं वरण. पिकलेलं केळं. दुधी, लाल भोपळा, शिरा काढलेला दोडका, सगळं मऊ शिजवून. आहारतज्ज्ञांच्या कागदावर बटाटा होता, त्यानं शौच दाट होतं म्हणून. कंदमूळ मला नको होतं. मी विचारलं, कच्ची केळी चालतील का? त्यांनी सांगितलं, चांगलीच चालतील. तेव्हापासून कच्च्या केळ्याची भाजी हा आमच्या घरचा बटाटा. कागदावर डाळीच्या खिचडीबरोबर दही होतं, ते द्विदल होतं म्हणून मी दोन्ही वेगळं केलं. दहा वाजता दहीभात, एक वाजता वरण. सहा वेळा खाणाऱ्याला ते जड जात नाही. चातुर्मासात पालेभाज्या आपण सोडतोच, आणि दोऱ्यासारखा चोथा असलेली पालेभाजी स्टोमाला त्रासच देते. अळंबी तर आपण खातच नाही, तीही अडकणारी वस्तू. ओलं खोबरं, मक्याचं कणीस, काजू-बदाम, मोसंबीच्या फोडीवरची साल, या गोष्टी मात्र जिभेवर ताबा ठेवून टाळाव्या लागतात. त्या न पचता गोळा होऊन स्टोमाच्या तोंडाशी अडकतात. मी एकदा नातवाबरोबर भाजलेलं कणीस खाल्लं. अर्धंच. त्या रात्रीच्या कळा अजून आठवतात. पिशवी कित्येक तास रिकामी राहिली आणि पोटात कळा यायला लागल्या तर घरगुती उपाय करत बसू नये, दवाखाना गाठावा.

शेवटचं खाणं मी सूर्यास्ताआधी तासभर घेते. डॉक्टरणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे तुमचं उत्तम आहे." रात्री उशिरा जेवलं की पिशवी झोपेत भरते. आत्तींना मी ते मुद्दाम ऐकवलं. त्या म्हणाल्या, "आता डाक्टरला कळलं व्हय?"

राहिलं गोळ्या-पावडरींचं. ऑपरेशन झालं की माणसं फळं घेऊन येतात, तशी आता डबे घेऊन येतात. प्रोटीनचा डबा, मल्टिव्हिटॅमिनची बाटली, कुणाच्या भाचीनं साखळीनं विकायला घेतलेली हिरवी पावडर. एका नातेवाईक बाईंनी मॅग्नेशियमच्या गोळ्या आणल्या, पायाच्या गोळ्यांवर म्हणून. दोन दिवसांत पिशवी पाण्यासारखी झाली. मॅग्नेशियमनं पोट सैल होतं हे मला नंतर कळलं. मल्टिव्हिटॅमिनची चकचकीत लेपाची गोळी तर एकदा जशीच्या तशी, नाव वाचता येईल अशी, पिशवीत सापडली. आमच्यासारख्यांच्या पोटातून अन्न लवकर सरकतं, त्यामुळे लेपाच्या किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या विरघळायच्या आधीच बाहेर येऊ शकतात. महिन्याचे पैसे पिशवीतून गटारात. कुठलंही औषध नवीन लिहून दिलं की मी आता सांगते, "मला मोठं आतडं नाही, पातळ किंवा चावून खायचं असेल तर द्या."

दुसरा प्रश्न आपला खास. कॅप्सूलचं मऊ आवरण बहुतेक जिलेटिनचं, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. दुकानात उभी राहून मी विचारते, तेव्हा मागच्या रांगेतली माणसं वैतागतात. विचारायचं. वनस्पतीच्या सेल्युलोजचं आवरण असलेल्या कॅप्सूल मिळतात. ड जीवनसत्त्व तर अजून अवघड. नेहमीचं डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. मेंढी त्यात मरत नाही, असं ह्यांनी मला समजावलं. पण मला समाधान होईना. शेवटी लायकेनपासून केलेलं मिळालं, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातीचं. महाग आहे, पण ते घेते. बी-१२ मात्र मी कसलीही कुरकुर न करता घेतलं. ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. माझा तो भाग शाबूत आहे, पण ज्यांचा काढावा लागतो त्यांना इंजेक्शनच घ्यावं लागतं. माझं कमी होतं ते दूध सुटल्यामुळे, कारण शाकाहारी माणसाला बी-१२ दुधा-दह्यातूनच मिळतं. लोह ११ वर्षं रक्त जाऊन संपलेलंच होतं, ते शिरेतून दिलं.

आता मी वर्षातून दोनदा रक्त तपासते आणि जे कमी असेल तेवढंच घेते. बाकीचे डबे वाटून टाकले. आणि सगळ्यात स्वस्त तपासणी रोजची आहे. लघवीचा रंग. गडद पिवळी नि थोडी व्हायला लागली की आतून पाणी कमी पडतंय. तेवढं बघितलं असतं तर मी त्या पहाटे पडले नसते.

एक मात्र स्पष्ट लिहिते, नाहीतर माझ्यावर पाप यायचं. मीठ खा, हे मी पिशवीवाल्यांना सांगतेय, तेही डॉक्टरांना विचारून. ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं आहे, त्यांनी माझं वाचून मिठाच्या डब्यात हात घालू नये. तुमचा रविवार तुमच्याकडे राहू दे.

आहारदानाच्या चौक्यात मी अजून उभी राहत नाही. मनशुद्धी, वचनशुद्धी म्हणताना अडत नाही. कायशुद्धी म्हणायची वेळ आली की हात पिशवीकडे जातो. मंदिरात जाते, दर्शन घेते, अभिषेक लांबून बघते. माताजींना त्या दिवशी हेही विचारायचं होतं, पण विचारलं नाही. नाही म्हणाल्या असत्या तर, ही भीती होती. हो म्हणाल्या असत्या तरी माझं मन मला उभं राहू देईल की नाही, कुणास ठाऊक. हा प्रश्न माझ्याजवळ तसाच आहे.

आत्ती आता ८४ वर्षांच्या आहेत. चुलीपुढे बसवत नाही, पण रविवारचा स्वयंपाक त्या अजून माझ्या हातून सांगून करून घेतात, आणि तो अजून अळणीच असतो. माताजींकडून मी आले, नवा नियम सांगितला, तेव्हाही त्या काही बोलल्या नव्हत्या. पुढचा रविवार आला. ताटं मांडली. मी पाच पदार्थ मोजत होते. भात, वरण, केळ्याची भाजी, ताक. पाचवं आणायला उठणार, तेवढ्यात आत्ती भिंतीला धरून धरून आल्या. हातात लहानशी पितळी वाटी होती, देवघरातली, अक्षतांची. धुऊन पुसून तिच्यात मीठ घातलेलं. २५ वर्षांत रविवारी त्यांनी मिठाच्या डब्याला हात लावलेला मी बघितला नव्हता.

ती वाटी त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "पाच झाले न्हवं? बस जेवायला." आणि आपलं अळणी ताट पुढं ओढून जेवायला लागल्या.